वीसपैकी शून्य

“हे काय, मोडी शिकतेयस की काय?”

किराणा मालाची यादी हातात धरून आमचे हे दारात उभे होते. तोंडाला घरी शिवलेला मास्क, खांद्याला दोन पिशव्या. यादी त्यांनी आधी लांब धरली, मग नाकाजवळ आणली, मग चष्मा कपाळावर ढकलून पाहिली. शेवटी काय सुचलं कोण जाणे, कपाटाच्या आरशासमोर कागद धरून ते मोठ्याने वाचायला लागले, “तूरडाळ एक किलो. जिरे. हिंगाची छोटी डबी. अगं मंदा, हे तर आरशात वाचता येतंय!”

“मग वाचा आणि निघा. दुकान अकराला बंद होतंय.”

“आणि तिथे जाऊन विसरलो तर? दुकानदाराकडे आरसा मागू?”

मी कागद ओढून घेतला आणि नवी यादी करायला बसले. पहिला ‘तू’ काढला तो पुन्हा उलटाच. हाताला वळणच तसं पडलं होतं. अखेर मी सांगितलं आणि यांनी लिहून घेतलं. एसटीच्या आगारात तीस वर्षं गाड्या पुकारलेला माणूस, जाताना जिन्यातून पुकारत गेले, “तूरडाळ, जिरे, हिंग, फलाट क्रमांक दोनवर लागत आहे!”

ही दोन हजार वीसच्या एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे हे सांगताना लाज वाटत नाही. तेव्हा वाटली होती आणि चांगली भरपूर वाटली होती.

मुलांनी मला ठेवलेलं नाव होतं लिटमस. राग आला की माझं नाक लाल होतं, म्हणून. हे नाव मला ठाऊक आहे याचा मी अठ्ठावीस वर्षांत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. वर्गात शिरले की शेवटच्या बाकापर्यंत शांतता पसरायची आणि त्या शांततेला मी मुलांची एकाग्रता समजायची.

लॉकडाऊन लागला तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मोठा भाग शिकवायचा राहिला होता. प्राचार्य हिरेमठ सरांनी फोन करून सांगितलं, उरलेलं सगळं ऑनलाइन घ्या. पाठोपाठ लाटकर सरांचा फोन आला. लाटकर पदार्थविज्ञान शिकवायचे आणि परीक्षा विभागही सांभाळायचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं माहीत असलेले.

“मॅडम, अर्धा तास द्या फक्त. कॅमेरा, माइक, सगळं समजावून देतो.”

“सर,” मी म्हटलं, “अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. फोनपुढे उभं राहण्यासाठी मला शिकवणी लावायची गरज नाही.”

“नाही, तसं नाही, पण काही गोष्टी गंमतशीर असतात. म्हणजे आपल्याला दिसतं एक...”

“मी बघते माझं,” असं म्हणून मी फोन ठेवला. त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग ऐकला असता तर ही गोष्टच घडली नसती.

कॉलेजातला गुंडाळीचा फळा मी घरी आणवला होता. तो हॉलच्या भिंतीला टांगला, समोर टेबलावर पिठाचा डबा, डब्यावर कुकर आणि कुकरला रबरबँडने बांधलेला फोन. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि मागे वळून फोनमध्ये पाहिलं. पडद्यावर मी दिसत होते, फळा दिसत होता, आणि फळ्यावरचं सगळं उलटं. आरशात दिसतं तसं.

म्हणजे मुलांना हे असं दिसणार! मी हबकलेच. लाटकरांना फोन करावा असं एकदा मनात आलं, पण त्यांचा तो समजूतदार आवाज आठवला आणि नाक गरम झालं. उपाय तर समोरच होता. मी उलटं लिहायचं, म्हणजे पडद्यावर सुलट दिसेल.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. रसायनशास्त्रातली बरीच अक्षरं इंग्रजी. त्यातली एच आणि ओ ही अक्षरं फार गुणी, कशीही लिहा तशीच दिसतात. पाणी लिहायचं तर फक्त दोनाचा आकडा नडायचा. नायट्रोजनच्या एनने मात्र रडवलं. बाण उलटे, आकृत्या उलट्या, हातवारेसुद्धा उलटे. आठव्या दिवशी पडद्यावर माझं अक्षर कॉलेजच्या फळ्यावर असायचं तसं दिसायला लागलं, तेव्हा मी शिरा केला.

“धन्य आहेस,” हे शिरा खाताना म्हणाले. “पण मंदा, एकदा कुणाला तरी विचार की, तिकडे कसं दिसतंय ते.”

“कसं दिसणार? जसं मला दिसतंय तसंच दिसणार.”

पहिल्याच तासाला मी नियम सांगितले. माइक बंद. कॅमेरे बंद, म्हणजे नेट पुरेल. “आणि ‘मॅडम, दिसत नाही’, ‘मॅडम, नीट येत नाही’, हे मला ऐकायचं नाही. अडचणी मलाही आल्या. मी माझ्या मी सोडवल्या, तुमच्या तुम्ही सोडवा. प्रश्न असतील तर तासाच्या शेवटी.”

तासाच्या शेवटी एकही प्रश्न आला नाही. चौतीस काळे चौकोन, प्रत्येकावर एक नाव. एकाने नावाऐवजी बैलाचा फोटो लावला होता, तेवढाच एक चेहरा मला दिसायचा. मी उलट्या हाताने फळे भरत होते, घाम पुसत होते आणि त्या बैलाकडे बघून पुढे जात होते. पोरं अगदी तल्लीन झाली आहेत, असं मी हिरेमठ सरांना फोनवर सांगितलंही.

विषय कोणता होता, ते सांगायलाच हवं. काही रेणू जोडीने असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. आपल्या दोन हातांचं असतं ना, सगळं सारखं, तरी डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जात नाही. तसा एक उजवा रेणू आणि एक डावा. कोणता कोणता हे ओळखायची एक युक्ती असते. ठरलेल्या क्रमाने अणूंवरून बाण फिरवायचा. एका बाजूने फिरला तर उजवा, दुसऱ्या बाजूने फिरला तर डावा. मी शिकवताना ‘असा’ म्हणायची आणि हात फिरवायची. “असा गेला की उजवा, असा गेला की डावा.” वर्षानुवर्षं मी ते असंच शिकवत आले होते. वर दरवर्षीचं एक वाक्यही ठरलेलं होतं, “बाजारातल्या गाइडमध्ये चुका असतात. माझ्या फळ्यावर नसतात. फळा उतरवून घ्या.”

तीन आठवड्यांनी मी चाचणी घेतली. वीस छापील आकृत्या ग्रुपवर टाकल्या. प्रत्येकीखाली उजवा की डावा एवढंच लिहायचं आणि अर्ध्या तासात कागदाचा फोटो पाठवायचा. चाचणी साधी, पण त्या वर्षी तिला महत्त्व आलं होतं. विद्यापीठाची परीक्षा होणार की नाही याचा पत्ता नव्हता. झाली नाही तर हे घरच्या चाचणीचे गुणच धरणार, अशी सगळीकडे चर्चा होती.

पेपर तपासायला बसले आणि अर्ध्या तासात माझं नाक पेटलं.

अकरा जणांना वीसपैकी वीस. आजरा रस्त्याकडच्या एका वाडीतली रेणुका संकपाळ त्यात पहिली, तिचा कागद सर्वांत आधी आलेला. इथपर्यंत ठीक. चौघांना नऊ, दहा, अकरा असे गुण. हे चौघे तासाला कधी फिरकले नव्हते, अंदाजाने ठोकून दिलं होतं. आणि उरलेल्या तेवीस जणांना शून्य. वीसपैकी शून्य! जिथे उजवा तिथे डावा, जिथे डावा तिथे उजवा, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत. तेवीस कागद, तेवीस अक्षरं आणि उत्तरं हुबेहूब एकच.

“कॉपी,” मी म्हटलं. “एका गाढवाने चुकीची उत्तरं पाठवली आणि बावीस गाढवांनी डोळे मिटून उतरवली.”

“तेवीस जणांत एकालाही शंका आली नाही?” हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले.

“कॉपी करणाऱ्याला शंका येत नसते.”

त्या तेवीस जणांत संपदा रेडेकर होती. पहिल्या बाकावर बसणारी, माझं खोकणंसुद्धा वहीत लिहून घेईल अशी मुलगी. तिचं नाव बघून मी आणखीच चिडले. दुपारी मी गैरप्रकाराचा अहवाल लिहिला, तेवीस नावं आणि आसन क्रमांक घातले आणि प्राचार्यांना पाठवून दिला. समितीने मान्य केलं असतं तर तेवीस जणांचा रसायनशास्त्राचा पेपर रद्द झाला असता, म्हणजे वर्षच गेलं असतं. शनिवारी अकराला ऑनलाइन बैठक ठरली, आणि ते मी मुलांच्या ग्रुपवरही कळवलं. संध्याकाळी संपदाचा मेसेज आला, “मॅडम, मी कॉपी केलेली नाही. तुम्ही शिकवलं तसंच लिहिलंय.” मी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी पोळ्या लाटत असताना फोन वाजला.

“मॅडम, मी रेणुका संकपाळ बोलतेय. बोलू काय?”

“बोल. अभिनंदन तुझं. वीसपैकी वीस.”

“त्यासाठी नाही मॅडम. ते तेवीस जण आहेत न्हवं, त्यांनी कॉपी केलेली न्हाई.”

“तुला काय माहीत?”

 मग ती म्हणाली, “मॅडम, तुमचा फळा उलटा दिसतोय.”

“काय?”

“पहिल्या दिवसापासनं. अक्षरं उलटी, आकडे उलटे, बाण पण उलटे. समदं आरशात दिसल्यागत.”

लाटणं माझ्या हातात तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, ती यांनी येऊन उतरवली. मी हॉलमध्ये जाऊन खुर्चीत बसले.

“रेणुका, मला तर सुलट दिसतं.”

“तुमचं तुम्हाला सुलट दिसत असणार मॅडम. मी परवा माझ्याच फोनवर बघितलं. वही धरली, तर मला उलटी दिसली आणि मैत्रिणीला तिच्या फोनवर सरळ. फोन आपलं आपल्याला आरशागत दाखवतोय. दुसऱ्याला न्हाई.”

‘आपल्याला दिसतं एक...’ लाटकरांचं ते अर्धं वाक्य आता पुरं झालं. म्हणजे मी काहीच केलं नसतं, नेहमीसारखं लिहिलं असतं, तर सगळं सरळ होतं. आठ दिवस घाम गाळून मीच फळा उलटा केला होता, आणि वर शिरा खाल्ला होता.

“मग तुम्ही अकरा जणांनी बरोबर कसं लिहिलं?” मी विचारलं.

तिने आवाज एकदम खाली आणला.

“मॅडम, अण्णांवर काही येणार न्हाई न्हवं?”

“अण्णा कोण?”

“माझे वडील. त्यांचं सलून हाय. आमच्या घराचाच पुढचा सोपा.” आता ती भराभर बोलायला लागली. “दुकान बंदच हाय मॅडम, शटर खाली. शपथ, एकाची पण दाढी केली न्हाई अण्णांनी. पण दुकानात मोठा टीव्ही हाय, मागच्या भिंतीला. गिऱ्हाईक खुर्चीत बसून समोरच्या आरशात बघतंय तो. वाडीत कुणाचा फोन फुटका, कुणाचा बारका. मग मी म्हटलं, माझा फोन टीव्हीला जोडू, सगळे मिळून बघू. हजेरीपुरते आपापले फोन चालू ठेवायचे. पहिल्या दिवशी तिघी खुर्च्यांवर बसल्या, बाकीचे बाकावर, टीव्हीकडं तोंड करून. तर बाकावरचे म्हणायला लागले, मॅडम उलटं लिहायल्यात. खुर्चीवरच्या म्हणाल्या, डोळं फुटलं काय, सरळ तर हाय. भांडणच लागलं!”

“मग?”

“मग कळलं की आरशात बघितलं की सरळ दिसतंय. तवापासनं सगळेच आरशाकडं तोंड करून बसतो. जागा लांब लांब ठेवलीय मॅडम, मास्क पण असतोय.”

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबताना घशातून काहीतरी भलताच आवाज निघाला. ती घाबरली.

“रागावलात मॅडम?”

“नाही. मला एवढंच सांग, तीन आठवड्यांत एकानेही मला हे का सांगितलं नाही?”

“तुम्हीच म्हणाला होता न्हवं, दिसत न्हाई म्हणायचं न्हाई.” मग जरा धीर करून, “आणि मॅडम, आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंय.”

“मुद्दाम?”

“विषयच आरशाचा हाय की! डावा रेणू, उजवा रेणू. आम्ही म्हटलं, मॅडमचं डोकं बघा, समदा धडाच आरशातनं शिकवायल्यात. अण्णासुद्धा म्हणाले, असली मास्तरीण बघितली न्हाई.”

मी विषय बदलला.

“बाकीच्या तेवीस जणांना हे कळलं नाही?”

“त्यांच्याकडं सलून कुठलं मॅडम? त्यांनी अक्षरं डोक्यानं सुलट करून वाचली. पण बाणाचं कसं कळणार? बाण दिसला तसा उतरवला. संपदानं तर गाइडमध्ये वेगळा बाण बघितला होता. पण तुमचा फळा बरोबर असतोय म्हणून तिनं गाइडमधला पेनानं खोडला.”

फोन ठेवला आणि मी ते तेवीस कागद पुन्हा उघडले. वीसपैकी शून्य. अंदाजाने लिहिणाऱ्याला दहा तरी मिळतात. वीसच्या वीस चुकायला सगळं नीट समजलेलं असावं लागतं, प्रत्येक आकृतीत मी सांगितलेला क्रम बिनचूक लावावा लागतो. हे रसायनशास्त्राच्या बाईला पेपर बघताक्षणी कळायला हवं होतं. ज्यांनी माझ्यावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला, त्यांचीच नावं मी आसन क्रमांकासकट लिहून पाठवली होती. मला स्वतःची फार शरम वाटली.

“अहवाल मागे घेते म्हणून कळव,” हे म्हणाले. “कारण द्यायची काय गरज? तपासण्यात चूक झाली म्हण.”

मलाही तेच सुचलं होतं. दोन ओळींचं पत्र, आणि लाटकरांना काही कळलं नसतं. पत्र टाइपही केलं. पण तपासण्यात चूक म्हटलं की शून्याचं काय करायचं? गुण वाढवायचे तर कारण हवं, आणि खरं कारण एकच होतं. संपदाच्या त्या मेसेजकडे पुन्हा पाहिलं. ‘तुम्ही शिकवलं तसंच लिहिलंय.’ पत्र पुसून टाकलं.

शनिवारी अकराला तीन चौकोन उघडले. हिरेमठ सर, मागे त्यांच्या देवघराचा पडदा. लाटकर सर, मागे पुस्तकांचं कपाट, नीट लावलेलं. आणि मी, मागे फळा.

“मॅडम, पुरावा अगदी ठोस आहे,” लाटकर म्हणाले. “तेवीस एकसारखे पेपर. मी ठराव लिहूनच ठेवलाय.”

“ठरावाआधी मला काहीतरी दाखवायचं आहे,” असं म्हणून मी उठले. खडू घेतला. बोलायचं म्हणून रात्रभर जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली. मग मी लिहिलं, माझ्या त्या कमावलेल्या उलट्या हाताने, तीनच शब्द. माझ्या पडद्यावर ते स्वच्छ सुलट दिसत होते.

लाटकरांनी मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे. “हे काय आहे? कुठली लिपी?”

“एक मिनिट, एक मिनिट,” हिरेमठ सर म्हणाले आणि चौकोनातून नाहीसे झाले. परत आले ते दाढीचा गोल आरसा घेऊन. आमच्याकडे पाठ करून बसले आणि खांद्यावरून आरशात बघत, एकेक अक्षर जोडत, आमच्या प्राचार्यांनी मोठ्याने वाचलं, “चूक... माझी... आहे.”

मग मी सगळं सांगितलं. कुकर, रबरबँड, आठ दिवस, नायट्रोजनचा एन. लाटकर आधी ओठ दाबून ऐकत होते. शिऱ्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा चौकोन हलायला लागला आणि ते टेबलाखाली गेले. वर आले तेव्हा डोळे पुसत होते.

“मॅडम, आरसा हा माझा विषय हो! एक फोन करायचा होता.”

“तुमचाच फोन आला होता, सर. मीच अर्ध्यात ठेवला.”

यावर ते हसायचे थांबले. मग परीक्षा विभागाच्या आवाजात म्हणाले, “पण मग ते अकरा? त्यांना बरोबर कसं आलं? ती मुलं एकत्र बसली होती का? कुठे?”

“आरशासमोर,” मी म्हटलं.

“म्हणजे नक्की कुठे?”

“सर, आरसा घरोघरी असतो. प्राचार्यांच्या घरीसुद्धा आहे.”

हिरेमठ सरांनी हातातला आरसा हळूच खाली ठेवला आणि घसा खाकरला. “लाटकर, त्या अकरा जणांबद्दल तक्रार आहे का कुणाची? नाही ना? मग पुढे चला. तेवीस जणांचं काय करायचं, मॅडम?”

“वीसपैकी वीस,” मी म्हटलं. “त्यांना जे दाखवलं, ते त्यांनी एकही चूक न करता लिहिलंय. आणि माझ्या अहवालावर माझ्या नावाने शेरा मारा. चूक शिक्षिकेची, असा.”

लाटकरांनी ठरावाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून फाडला. जरा नाटकीच वाटलं, पण मला बरं वाटलं.

त्याच दुपारी मी संपदाला फोन केला. माफी मागायची सवय नसली की ती फार लांबते. मी पाच मिनिटं बोलले. ती ऐकून घेत होती आणि शेवटी म्हणाली, “मॅडम, मग गाइडमधला बाण परत काढू काय?” मी म्हटलं, काढ बाई, आणि पुढे कधी माझ्याशी जुळलं नाही तर खोडायच्या आधी मला विचार.

सोमवारचा तास. मी खडू घेतला आणि नेहमीसारखं, कॉलेजातल्यासारखं लिहायला गेले, तर हात ऐकेना. एन पुन्हा उलटाच आला. पुसला, पुन्हा काढला. दोन ओळी लिहून वळून पाहिलं. पडद्यावर सगळं उलटं दिसत होतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मनाला बजावायला मला जरा वेळ लागला.

“सगळ्यांनी माइक चालू करा,” मी म्हटलं.

एकही माइक उघडला नाही. त्यांना खरं वाटलं नसावं.

“माइक चालू करा, मी विचारतेय. मला काय दिसतंय ते सोडा. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.”

एकेक माइक उघडत गेला आणि माझ्या हॉलमध्ये घरंच्या घरं शिरली. कुठे कुकरची शिट्टी, कुठे म्हैस, कुठे कुणाची आजी विचारतेय, कोण बाई बोलायली गं ही? तीन आठवडे मी एका बैलाला शिकवत होते आणि पलीकडे हे सगळं चाललेलं होतं. कुणीतरी माइक उघडा आहे हे विसरून शेजारच्याला म्हणालं, “आयला, लिटमस विचारायली बघ.” एकदम सगळे चिडीचूप झाले. मी हसले. अगदी मोठ्याने, आवरता येईना इतकं हसले, आणि मग तिकडूनही हळूहळू हसण्याचे आवाज यायला लागले.

“तर, लिटमस विचारतेय,” मी म्हटलं. “फळा दिसतोय का? वाचता येतोय का?”

“दिसतोय मॅडम,” पहिला आवाज संपदाचा. “सरळ दिसतोय.”

“सरळ हाय मॅडम.” “दिसतंय.” “एकदम ओके.” बैलाचा फोटो लावणाऱ्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, बारीक होता.

मग रेणुकाचा आवाज आला, जरा चाचरत.

“मॅडम, आम्हाला उलटं दिसतंय.”

मी झटकन फळ्याकडे वळले. पुन्हा? आता काय चुकलं?

“न्हाई न्हाई, तुमचं बरोबर हाय,” ती घाईने म्हणाली. “आम्ही सवयीनं आरशातच बघत बसलोय. एक मिनिट थांबता काय मॅडम? आम्ही खुर्च्या फिरवतो.”

आणि त्या बंद शटरच्या आत सलूनच्या तीन खुर्च्या कर्रर्र करत वळायला लागल्या, मागे बाक सरकला, कुणीतरी कुणाच्या पायावर पाय दिला, आणि मी खडू हातात धरून त्यांचं होईपर्यंत थांबले.